वीर स्टेशन ते हिरोशिमा : पास आणि तिकीट

आमच्या दासगावात प्रवासाच्या गोष्टी बंदरापासून सुरू होतात. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रहासाठी बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून पद्मावती बोटीने आले, ते सावित्रीकाठच्या याच बंदरात. पुढे बोटी गेल्या, एसटी आली. १९९३ मध्ये रोहा ते वीर रेल्वे सुरू झाली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सगळी कोकण रेल्वे खुली झाली. वीर हेच आमचं स्टेशन.

माझ्यासारख्या चाकरमान्याला तिकिटाचा हिशेब दोन ठिकाणी कळला. एक, मुंबईच्या लोकलच्या खिडकीवर. साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या पैशात महिन्याचा पास मिळतो, म्हणजे आठ-दहा दिवसांत तो वसूल. पास म्हणजे फायदाच, हे मनात पक्कं बसलं. दुसरा धडा गणपतीच्या आरक्षणाचा. तारीख आधी ठरवायची, आरक्षण उघडेल त्या दिवशी पहाटे रांगेत उभं राहायचं. परदेशात पहिल्या धड्याने माझं नुकसान केलं आणि दुसरा उपयोगी पडला. हे उमजायला मात्र पंधरा वर्षं लागली.

२००८ साली आम्ही दोघं युरोपला गेलो, तेव्हा युरेल पास डोळे झाकून घेतला. १९५९ साली युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी तो निघाला, तेव्हा तो खरोखर वरदान होता. तिकिटाचे दर बहुतेक अंतरावर ठरत. महिनाभर आधी घेतलं काय, गाडी सुटताना घेतलं काय, फारसा फरक नसे. मग स्वस्त विमानं आली आणि वेगवान गाड्यांची तिकिटंही विमानासारखी विकली जाऊ लागली. लवकर घेणाऱ्याला कमी दर, आयत्या वेळी येणाऱ्याला कितीतरी जास्त. सवलत पासाकडून निघून आगाऊ तिकिटाकडे गेली, आणि मी अजून लोकलच्याच हिशेबात होतो.

त्यात आरक्षणाची भानगड. फ्रान्सची टीजीव्ही किंवा समुद्राखालून लंडनला जाणारी युरोस्टार, यांत पास असला तरी जागेचे पैसे वेगळे भरून आरक्षण घ्यावं लागतं, आणि पासवाल्यांसाठी जागाही मोजक्या. आम्हाला पास विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. एका संध्याकाळी हातात पास असून समोरची गाडी निघून गेली. बायको बॅगेवर बसली होती, काही बोलली नाही. ती शांतता मला अजून आठवते. रात्री खोलीवर वही काढून मांडणी केली. सहा मोठे प्रवास, त्यातल्या चारांच्या तारखा तर दासगावहून निघतानाच ठरलेल्या होत्या! त्या चारांची तिकिटं सुटी घेतली असती, तर पैसे वाचले असते आणि जागाही हक्काची असती.

त्याच प्रवासात स्वित्झर्लंडने मात्र पासाची दुसरी बाजू दाखवली. तिथे साध्या गाड्यांना आरक्षण लागत नाही. त्याच पासावर तळ्यातल्या बोटीही चालत होत्या. ल्युसर्नला पाऊस आला तेव्हा डोंगराचा बेत रद्द करून आम्ही सरळ बोटीत चढलो. वेगळं तिकीट नाही, विचारपूस नाही. धक्क्यावर दोर टाकणारा माणूस पाहिला आणि म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं आमचं बंदर डोळ्यांपुढे आलं. रोज बेत बदलणाऱ्याने पास घ्यावा, हे मला त्या बोटीत पटलं.

२०२३ च्या वसंतात जपानला गेलो, तो हिशेब करूनच. सात दिवसांचा जपान रेल पास २९,६५० येनांना होता. तोक्यो ते हिरोशिमा एकेरी तिकीट सुमारे १९,००० येन, म्हणजे जाऊन-येऊन ३८,०००. नोझोमी गाडी पासावर चालत नव्हती, म्हणून हिकारीने गेलो. वाटेत एकदा गाडी बदलली, थोडा वेळ जास्त लागला. तोक्योतले दिवस पासाच्या आठवड्याबाहेर ठेवले, कारण हे सात दिवस सलग मोजले जातात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो पास ५०,००० येनांचा झाला. आमचाच प्रवास, त्याच गाड्या, आणि उत्तर उलटं. म्हणून जुन्या प्रवाशाचा सल्ला, माझासुद्धा, त्या दिवशीचे दर पाहिल्याशिवाय घेऊ नये.

आता पुतण्या शिकायला जर्मनीत आहे. तिथे मे २०२३ पासून महिन्याचा डॉइचलँड तिकीट नावाचा पास आहे. सुरुवातीला तो ४९ युरोंचा होता, जानेवारी २०२५ मध्ये ५८ चा झाला. देशभरातल्या साध्या गाड्या, मेट्रो, ट्राम, शहरातल्या बस त्यावर चालतात. आयसीई ही वेगवान गाडी चालत नाही. लोकलच्या पासाचा हा थेट भाऊच. पुतण्या रोजच्या जाण्यायेण्याला तो वापरतो आणि लांबच्या प्रवासाचं आयसीईचं तिकीट आधीच काढून ठेवतो.

परवा त्याचा फोन आला. गणपतीला येतोय म्हणाला, आणि मुंबईहून वीरचं आरक्षण कधी उघडतं ते विचारलं. पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी, असं मी सांगितलं. त्याने तिकडे कॅलेंडर उघडून दिवस मोजायला सुरुवात केली. इकडे मी भिंतीवरच्या कालनिर्णयात मोजत होतो. दोघांची तारीख एकच आली.