लाईट आली आणि गाणं गेलं!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी लाईट गेली. मामंजी रेकॉर्ड ऐकत होते, ते तसेच अंधारात बसून राहिले. तासाभराने लाईट आली ती झपकन्! देवघरातला झिरोचा बल्ब लख्ख पेटून गेलाच, आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून ‘फट्’ असा आवाज आला. पाठोपाठ जळका वास. मामंजी एक शब्द बोलले नाहीत. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशांतून त्यांनी एवढी एकच हौस केली होती. त्या रात्री ते धड जेवलेही नाहीत.

दुरुस्तीचा आकडा ऐकून ह्यांनी कपाळाला हात लावला. मी मात्र वायरमनला खोदून खोदून विचारलं. मैत्रिणींनो, जे कळलं ते तुम्हांलाही सांगते.

असं होतं तरी का?

आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. गेलेली लाईट परत येते किंवा जवळचा पंप बंद होतो, तेव्हा विजेचा दाब क्षणभर उसळी मारतो. फ्यूज वितळायच्या आतच नाजूक भाग दगावतात. दुसरं संकट याहून मोठं. बाहेरची न्यूट्रल तार तुटली, तर दाब पार ४०० व्होल्टच्या घरात जाऊ शकतो आणि तसाच राहतो.

उपाय कोणता?

क्षणाच्या उसळीसाठी सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड घ्या. नुसता चार प्लगांचा बोर्ड म्हणजे सर्ज प्रोटेक्टर नव्हे! यात व्हॅरिस्टर नावाची छोटी चकती असते. एरवी ती गप्प असते. दाब चढला की जादा वीज दुसऱ्या वाटेने काढून देते. प्रत्येक तडाख्याने ती थोडी झिजते. म्हणून बोर्डावरचा खुणेचा दिवा अधूनमधून पाहा. विझला असेल तर बोर्ड बदला. आणि घराचं अर्थिंग आधी तपासून घ्या, नाहीतर त्याचा निम्मा उपयोग वाया.

न्यूट्रल तुटण्यापुढे ही चकती टिकत नाही. त्यासाठी दाब फार वाढला वा उतरला की वीज तोडणारं यंत्र मेन बोर्डात बसवून घ्यावं. दाब स्थिर झाल्यावर थोडं थांबून ते वीज पुन्हा जोडतं.

“पण आवाज बिघडेल ना?”

मामंजींची ही पहिली शंका. चकती विजेच्या वाटेत आडवी येत नाही, कडेला उभी असते. त्यामुळे आवाजाला धक्का लागत नाही. आवाज बिघडतो तो बारीक वायरीच्या लांबलचक एक्स्टेन्शनमुळे, ढिल्या प्लगमुळे, नाहीतर अपुऱ्या ताकदीच्या स्टॅबिलायझरमुळे. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गुणगुण ऐकू येते. साइन वेव्हचा असेल तर तो त्रास नाही. फ्रीज आणि अ‍ॅम्प्लिफायर एका बोर्डावर नकोत. रेकॉर्ड प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर मात्र एकाच बोर्डावर लावा, गुणगुण कमी होते. ती घालवायला काहीजण अर्थची पिन काढून टाकतात. तसं चुकूनही करू नका, जिवाशी खेळ आहे!

एवढं लक्षात ठेवा

• लाईट गेली की अ‍ॅम्प्लिफायरचा स्विच बंद करा. परत आल्यावर पाच-दहा मिनिटांनी, आवाज बारीक ठेवून लावा.

• अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी चालू आणि सर्वांत आधी बंद.

• फ्यूज गेला तर त्याच अँपिअरचा घाला. तांब्याची तार गुंडाळू नका.

• आकाशातल्या विजेपुढे कुठलंही यंत्र भरवशाचं नाही. ढग गडगडायच्या आधीच प्लग काढा. डिशची किंवा केबलची वायर जोडली असेल तर तीही.

आमचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त होऊन आला. आता आभाळ भरून आलं की मी दोरीवरचे कपडे काढायला धावते, तोवर आतून मामंजींचा आवाज येतो, “सूनबाई, प्लग मी काढलाय हो!”