हवाई बेटांतील जमीन आणि ‘कुलेआना’

हवाई बेटांत पूर्वी राजा अगर मोठा सरदार मरण पावला, की जमिनीची फेरवाटणी होत असे. नवा अधिपती आपल्या पाठीराख्यांना मुलूख वाटून देई. आपल्याकडील वतन पिढ्यानपिढ्या घराण्यात राही. तेथे मात्र सरदाराच्या मुलाला बापाची जमीन मिळेलच, असा भरवसा नसे.

नवल हे, की या उलथापालथीत कसणारी कुटुंबे बहुधा जागची हलत नसत. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत पसरलेल्या जमिनीच्या पट्ट्याला ‘अहुपुआआ’ म्हणत. वर रानातले लाकूड, मध्ये पाटाच्या पाण्यावरील अळूची खाचरे, खाली मासळी. संसाराची बहुतेक तरतूद एकाच पट्ट्यात होई. ‘कोनोहिकी’ नावाचा कारभारी त्यावर देखरेख ठेवी. कुटुंबे सरदाराला उत्पन्नाचा वाटा व श्रम देत आणि तो जाचक निघालाच, तर दुसऱ्याच्या आश्रयाला जात. जो खाचर राखी व पाट साफ ठेवी, त्याचा त्या जागेवर हक्क. ‘कुलेआना’ या हवाई शब्दात हक्क आणि जबाबदारी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, ते उगीच नव्हे.

१८२५ साली बालवयाचा तिसरा कामेहामेहा गादीवर आला, तेव्हा सरदारांच्या सभेने जमिनी वारसांकडे ठेवण्याचे ठरविले. वरच्या थराची चिंता मिटली. पुढे १८४८ च्या ‘महेले’त, म्हणजे वाटणीत, राजा व सुमारे अडीचशे सरदार यांच्या जमिनी वेगळ्या करून वहीत नोंदविल्या गेल्या. रयतेचे हक्क मात्र तेवढे शाबूत राखल्याचे म्हटले होते.

त्या हक्कांना पूर्ण मालकीचे रूप देणारा कायदा १८५० च्या ऑगस्टमध्ये झाला. पण दावे दाखल करण्याची मुदत १८४८ च्या फेब्रुवारीतच संपली होती! ज्यांनी वेळेत अर्ज केला, त्यांनाही साक्षीदार आणावे लागत आणि मोजणीचा खर्च सोसावा लागे. अखेर रयतेच्या वाट्याला सुमारे २८,६०० एकर जमीन आली. साऱ्या बेटांच्या एक टक्क्याहूनही कमी. रानात व इतर मोकळ्या जागेत घेतलेले पीक दाव्यात धरले गेले नाही. त्याच वर्षीच्या जुलैत परकीयांना जमीन विकत घेण्याची मुभा मिळाली होती.

मिळालेले तुकडेही पुढे अनेक वारसांत अविभक्त राहिले. शेजारच्या ऊसमळेवाल्यांनी दीर्घ वहिवाटीच्या आधारे त्यांतले पुष्कळ गिळले. १९७८ साली हवाई राज्याच्या घटनेत दुरुस्ती होऊन असा वहिवाटीचा दावा पाच एकरांपुरता आणि वीस वर्षांतून एकदाच करता येईल, असे ठरले. तोवर बरीच खाचरे उसाखाली गेली होती.