खुरासाठीची शिंगं, टोपलीसाठी लांबली

अमेरिकेतलं ॲरिझोना आणि त्याला लागून असलेलं मेक्सिकोतलं सोनोरा, या रखरखीत पट्ट्यात उन्हाळी पाऊस पडला की ‘प्रोबोसिडिया’ प्रजातीची झुडपं तरारून येतात. अंगभर चिकट लव. पान चुरगाळलं तर बोटांना उग्र वास राहतो आणि बारीकसारीक किडे त्या लवेतच अडकून मरतात. फुलातल्या कुक्षीला दोन पाळ्या असतात. मधमाशीचा धक्का लागला की त्या मिटतात, त्यामुळे बाहेर पडताना त्याच फुलाचे पराग तिथे लागत नाहीत.

खरी करामत मात्र फळाची. कोवळं असताना ते हिरवं, मऊ आणि टोकाला वाकलेलं असतं; भेंडीप्रमाणे त्याची भाजी होते, लोणचंही घालतात. वाळलं की वरची साल सोलवटून गळते, आतलं लाकडी कवच चोचीपासून उभं चिरतं आणि दोन अणकुचीदार शिंगं फाकतात. त्यावर जनावराचा पाय पडला की शिंगं खुराच्या वर घट्ट अडकतात. जनावर चालत राहतं आणि चिरेतून बिया वाटेवर सांडत जातात.

आपल्याकडे पडीक रानात दिसणारी वाघनखी ऊर्फ विंचू, म्हणजे ‘मार्टिनिया ॲन्युआ’, याच कुळातली आणि मूळची मेक्सिकोकडचीच. तिचे आकडे मात्र आखूड.

प्रोबोसिडियाच्या शिंगांना माणसानंही कामाला लावलं. तिथल्या तोहोनो ओओधाम आणि पिमा बायका वाळलेली शिंगं भिजवतात, त्यांची काळी साल पट्टीपट्टीनं सोलतात, सुरीनं सारख्या रुंदीची करतात आणि टोपलीच्या फिक्या विणीत तिची नक्षी भरतात. हा काळा रंग सालीचा अंगचाच, त्यामुळे तो उडत नाही.

शिंग जितकं लांब, तितकी पट्टी लांब आणि जोड कमी. म्हणून लांब शिंगांच्या फळांचं बी राखून पेरलं जाऊ लागलं. त्यातून ‘प्रोबोसिडिया पार्व्हिफ्लोरा’चा लागवडीचा वाण तयार झाला. त्याची शिंगं फूटभराहून लांब होऊ शकतात. रानटी बी काळं आणि रुजायला रेंगाळणारं. या वाणाचं बी पांढरं आणि चटकन रुजणारं.

पिकं निवडताना माणसानं बहुधा दाणा, फळ किंवा कंद मोठा केला. इथे त्यानं वाढवलं ते बी वाहून नेणारं अवजार. गंमत अशी, की शेतातल्या या झाडाला आता खुराची गरजच नाही; त्याचं बी टोपली विणणारेच पेरतात.