जुनी जीप घेताना : मीटर नव्हे, माल पाहावा

जुन्या गाडीचा सौदा करताना आपले बहुतेक व्यापारी बांधव पहिला प्रश्न एकच विचारतात, "किती किलोमीटर चालली आहे?" आकडा लाखाच्या वर गेला की नाक मुरडतात आणि साठ-सत्तर हजार ऐकला की खिशात हात घालतात. हा हिशेब अपुरा आहे व कित्येकदा महागात पडतो.

मालेगावहून कळवण, सुरगाणा, पेठ या भागांतील आठवडे बाजारांना कापडाचे गठ्ठे घेऊन जाणाऱ्याला पावसाळ्यात साधी गाडी पुरत नाही. नवीन फोर बाय फोर गाडी परवडत नाही आणि व्याजाचे कर्ज काढायचे नाही, म्हणून रोखीने जुनी जीप, जिप्सी, थार किंवा बोलेरो पाहिली जाते. हा विचार योग्यच आहे. मात्र सौदा पारखून व्हावा.

गरज किती दिवसांची?

आधी वहीवर हिशेब मांडावा. उदाहरणादाखल, गाडी ४ लाखांना घेतली, टायर व दुरुस्तीवर ८० हजार गेले आणि पाच वर्षांनी ती २ लाखांना विकली. म्हणजे २ लाख ८० हजार खर्च झाले. वर्षाला ५६ हजार. डिझेल व विमा वेगळा. वर्षातले वीसच दिवस चिखलाची वाट असेल तर एका दिवसाला २,८०० रुपये पडले. तेवढ्यात त्या भागातली गाडी चालकासह भाड्याने मिळत असेल तर भांडवल मालातच राहू द्यावे. शंभर दिवस जावे लागत असेल, तर हाच खर्च दिवसाला ५६० वर येतो व गाडी घेणे फायद्याचे ठरते.

दुसरी गोष्ट, जीपसारखी दिसणारी प्रत्येक गाडी फोर बाय फोर नसते. २००० साली आलेल्या बोलेरोच्या बहुतेक गाड्या फक्त मागच्या चाकांवर चालतात. थारचेही काही प्रकार तसेच आहेत. पुढच्या चाकांना ताकद देणारा दांडा किंवा बटण आहे का, आणि ते चालते का, हे स्वतः पाहावे.

मीटर का फसवतो?

मीटर मागे फिरवता येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण खरा असला तरी तो सर्व सांगत नाही. वेळेवर ऑइल बदललेले डिझेल इंजिन हमरस्त्यावर दोन लाख किलोमीटर चालूनही चांगले असू शकते. उलट, घाटात ओझे ओढत, ओढ्यात बुडत ऐंशी हजार चाललेली गाडी आतून खलास झालेली असते. पूर्वी काळीपिवळी म्हणून चाललेली गाडी रंग देऊन खासगी म्हणून विकली जाते. म्हणून नोंदणीचा पूर्वेतिहास पाहावा.

२०११ साली मी स्वतः अशी एक जीप एका दलालामार्फत घेतली. मीटरवर ७२ हजार, रंग ताजा, सीटकव्हर नवे. पोळ्याच्या आधीच्या बाजाराला जाताना ओढ्यात पुढची चाके ओढेनात. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा जादा गिअरबॉक्स, निकामी झाला होता. गाडी बैलांनी ओढून काढली, गठ्ठे भिजले, बाजार बुडाला. पुढे सीटखाली सापडलेल्या दुरुस्तीच्या जुन्या पावतीवर तीन वर्षांपूर्वीच १ लाख ६० हजारांचा आकडा होता. कापडाचे थान मी आतपर्यंत उलगडून पाहतो. गाडीची मात्र वरची घडीच पाहिली होती.

काय पाहावे?

विश्वासू मेकॅनिक सोबत न्यावा व त्याची मजुरी आपण द्यावी, दलालाने नव्हे.

इंजिन थंड असताना सुरू करावे. आधीच तापवून ठेवले असेल तर संशय घ्यावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर आत पाणी जात असेल किंवा डिझेल नीट जळत नसेल. ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर जोराने वाफारा येत असेल तर इंजिनाचे मोठे काम जवळ आले आहे.

क्लच व ब्रेकच्या पायदळांचे रबर पाहावे. मीटर कमी आणि रबर झिजलेले, किंवा सर्व जुने असताना तेवढेच कोरे, हे बरे लक्षण नव्हे.

गाडीखाली वाकून चासी पाहावी. गंज, वेल्डिंगचे जोड, ताजा काळा रंग दिसल्यास कारण विचारावे. कोकणातल्या गाडीला खाऱ्या हवेचा गंज असतो. पाटे तुटलेले, क्रॉस सैल, ट्रान्सफर केसखाली ऑइल ठिबकलेले आहे का, हेही पाहावे.

फोर बाय फोर लावून मातीच्या चढावर चालवावी. दांडा आपोआप सुटत असेल किंवा आतून कटकट येत असेल तर खर्च मोठा आहे. मात्र कोरड्या डांबरावर ती लावून वळवू नये. भागांवर ताण येतो.

कागद

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी, पर्यावरण कर व फेरनोंदणीची फी भरून ती पाच वर्षांनी वाढते. ही फी २०२२ मध्ये बरीच वाढली आणि २० वर्षांवरील गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आदेश व सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय यांमुळे दिल्लीतील दहा वर्षांवरील डिझेल गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. अशा गाडीसाठी तिकडच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते व इथला करही भरावा लागतो. बँकेचा बोजा उतरला आहे का, हे पाहावे आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा.

ऐब सांगणे

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणुकीबद्दल सक्त ताकीद दिली. ताज्या रंगाखालचा गंज म्हणजे तीच ओल आहे.

शरीयतने खरेदीदाराला लपवलेला ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क दिला आहे. सौदा करतानाच पसंतीची मुदतही ठरवता येते. इमाम अबू हनीफा यांच्या मते ती जास्तीत जास्त तीन दिवसांची. ती मागण्यात संकोच नको. दोन साक्षीदारांसमोर ती लिहून घ्यावी व त्या तीन दिवसांत गाडी घाट आणि चिखल दोन्हीत चालवून पाहावी.

हा नियम विकतानाही आहे, हे आपण विसरतो. २०१६ मध्ये तीच जीप मी विकली, तेव्हा दलाल म्हणाला, "मीटरचे काय करायचे ते माझ्यावर सोडा." मन डळमळले नाही असे म्हणणार नाही, माझेही नुकसान झालेच होते. शेवटी ती पावती व ट्रान्सफर केस बदलल्याचे बिल दोन्ही गिऱ्हाइकापुढे ठेवले. त्याने तीस हजार कमी केले. तो आजही माझ्याकडून कापड नेतो आणि थान उलगडून पाहत नाही.

अल्लाह आपल्या व्यवहारात सचोटी व बरकत देवो. आमीन.