ग्रिलमधलं वर्ष

मे महिन्यात, १५ तारखेच्या आगेमागे, मुंबईत दुपारी साडेबारा वाजून गेले की सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा एकदा तसंच घडतं. शून्य सावलीच्या दिवसाची बातमी पेपरात वाचून लोक ती विसरून जातात. घाटकोपर किंवा मुलुंडच्या सोसायटीत खिडकीच्या ग्रिलमध्ये दहा-बारा कुंड्या सांभाळणाऱ्याने मात्र ती लक्षात ठेवावी. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य मुंबईच्या उत्तरेला असतो आणि वर्षभर सावलीत असलेल्या उत्तरेच्या खिडकीला तेवढ्यापुरतं ऊन मिळतं. डिसेंबरात भर दुपारीही तो दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवर. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन हॉलच्या फरशीवर लांबवर पसरतं.

मोगऱ्याला कळ्याच धरत नाहीत, मिरची नुसतीच उंच वाढते, अशा तक्रारींमागे बहुधा खत नसतं, ऊन असतं. कुंडीची जागा ऋतूप्रमाणे बदलणं हे फ्लॅटमधल्या बागकामाचं अर्धं काम आहे.

या बागेचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते जूनमध्ये सुरू होतं. हवामान खात्याच्या लेखी मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्यानंतरच्या चार महिन्यांत सांताक्रूझच्या वेधशाळेत सरासरी दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला जातो; २६ जुलै २००५ला तर एकाच दिवसात ९४४ मिलिमीटर. अंधेरी-बोरिवलीच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांवर हा पाऊस आडवा येतो. अशा वेळी झाडं पाण्यावाचून मरत नाहीत, पाण्यात बुडून मरतात. तळाचं भोक बुजलेल्या कुंडीत तुळस आठवडाभरात काळी पडते आणि अडेनियम मुळाशी सडतं. म्हणून जूनच्या आधी प्रत्येक कुंडीचं भोक काडीने मोकळं करावं, तळाशी विटांचे तुकडे किंवा खापऱ्या घालाव्यात आणि तुळस आडोशाला न्यावी.

पण लावणीला याच्यासारखा काळ नाही. जास्वंदाची, गुलबक्षीची, गवती चहाची रोपं या दिवसांत लगेच तग धरतात. अळूचा कंद ओलाव्यात रुजतो आणि गणपतीपर्यंत वडीची पानं देतो. दोडका, पडवळ, कारली यांचे वेल ग्रिलवर चढवले तर वेगळ्या मांडवाची गरजच नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कोकणच्या हवेसाठी वाणही काढलेले आहेत: कारल्याचा ‘कोकण तारा’, दोडक्याचा ‘कोकण हरिता’, अळूचा ‘कोकण हरितपर्णी’. थंड प्रदेशातल्या बियाण्यांची चकचकीत पाकिटं घेऊन हिरमुसण्यापेक्षा हे कधीही चांगलं. मुंबई उपनगर हा कोकणाचाच भाग आहे, आणि इथल्या कुंडीत कोकणच चांगलं उगवतं.

पावसाळ्यात स्टेशनबाहेर आदिवासी बाया टाकळा, कुर्डू, शेवळं, करटोली घेऊन बसतात. बोरिवली आणि मुलुंड ही दोन्ही उपनगरं सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला टेकलेली आहेत. त्या उद्यानातल्या डोंगरांवर आठ वर्षांतून एकदा कारवी फुलते. २००८, २०१६ आणि २०२४ ही तिची अलीकडची वर्षं. कारवी कुंडीत आणायची गोष्ट नव्हे, तिच्यापर्यंत आपण जायचं. तेरडा मात्र घरी सहज येतो. त्याचा रंग तीन दिवसांचा म्हणून म्हणीत हिणवलेला असला तरी गौरीच्या पूजेत त्याला मान आहे, आणि पिकलेली बोंडं बोटाच्या स्पर्शाने फुटून पुढच्या वर्षीचं बी तो स्वतःच पेरून ठेवतो.

याच दिवसांत एखाद्या रात्री मजल्यावरच्या शेजाऱ्यांना बोलावणं येतं: ब्रह्मकमळ उमलतंय. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं. आपल्या गॅलरीतलं झाड मूळचं मेक्सिकोकडचं, निवडुंगाच्या कुळातलं. त्याचं एक पान मातीत खोचलं तरी रोप तयार होतं. मूळ कुठलंही असो, रात्रभर दरवळून सकाळी मान टाकणाऱ्या त्या फुलासाठी जागरण करावं.

पावसाळ्यातली एक गोष्ट मात्र हयगय न करण्याची. कुंडीखालची ताटली आणि मनीप्लँटची बाटली या डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या आवडत्या जागा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस ठरवून ताटल्या रिकाम्या केल्या, घासून कोरड्या केल्या, की ही साखळी तुटते.

ऑक्टोबरचा चटका ओसरला की भाजीचे दिवस येतात. इथला हिवाळा नावापुरताच. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता, पण तो अपवादच. तरीही नोव्हेंबर ते फेब्रुवारी पालक, माठ, कोथिंबीर, टोमॅटो आणि शेवंती यांना पुरेसा गारवा मिळतो. कोथिंबिरीसाठी दुकानातले धणे चालतात, फक्त हलक्या हाताने रगडून दोन फाकी करून पेरावेत.

सगळ्यात सोपं पीक म्हणजे मुंबईचीच समुद्रमेथी. किनाऱ्याकडच्या रेताड वाफ्यांत पिकणारी, बोटभरही उंच होऊ न देता मुळांसकट उपटलेली, छोट्या जुड्यांत विकली जाणारी ही मेथी घरच्या ट्रेमध्ये होते. वाळूमिश्रित मातीचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा, डब्यातले मेथीचे दाणे रात्रभर भिजवून दाट पसरावेत आणि रोज पाणी शिंपडावं. साधारण पंधरा दिवसांत काढणी. मुलांना पहिलं पीक हेच द्यावं, कारण त्यांचा धीर सुटायच्या आत ते ताटात येतं.

जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं. ते पाहून परतल्यावर मोगऱ्याची छाटणी करावी, पानं कमी करावीत आणि काही दिवस पाणी तोडावं. मग मार्चपासून नवी पालवी आणि तिच्या टोकांवर कळ्या. उन्हाळ्यात पाणी सकाळ-संध्याकाळ, आणि कुंडीतल्या मातीवर सुक्या पानांचं आच्छादन. जास्वंदावर पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवावा, मग कडूनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारावं.

माती कुठून आणायची, हा उपनगरातला नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग सुरू केली आणि भाज्यांबरोबर फळझाडंही वाढवली. त्यामागे प्रयोग परिवाराच्या श्री. अ. दाभोळकरांचा विचार होता. त्यांच्या परंपरेतली ‘अमृत माती’ म्हणजे एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ आणि दहा लिटर पाणी यांचं मिश्रण आंबवून, पुढे दहापट पातळ करून, त्यात भिजवलेल्या पालापाचोळ्याची कुजून झालेली माती. फ्लॅटमध्ये भोकं पाडलेल्या बादलीत भाज्यांची सालं आणि सुकी पानं थरावर थर घातली तरी काम होतं. सोसायटीच्या आवारात झाडून गोळा केलेला पाचोळा कचऱ्याच्या गाडीत जाण्याआधी मागून घ्यावा.

अशा हलक्या मातीचा आणखी एक मोठा फायदा वजनाचा. फूटभर व्यासाची, साध्या मातीने भरलेली कुंडी ओली झाली की वीस-पंचवीस किलोंची होते. अशा चार कुंड्या बाहेर काढलेल्या ग्रिलवर, गंजलेल्या सळ्यांवर आणि खालून माणसं जात असताना ठेवणं हा गुन्हाच मानला पाहिजे. मोठ्या कुंड्या आत जमिनीवर, ग्रिलवर फक्त लहान आणि बांधलेल्या.

नर्सरीत जायला वेळ नसेल तरी अडायचं कारण नाही. पहिली सर पडून गेली की खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून जास्वंदाची पेन्सिलीएवढी जाड फांदी मागून आणा, खालची पानं काढून टाका आणि ती तिरपी मातीत खोचा.