वेलांटीचा मेळ

नीरेच्या पुलाअलीकडचे आमचे सारोळे. पलीकडे शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. 2001 साली, बँकेतल्या नोकरीत असताना, मी आईच्या आठवणींचे छोटेसे संकेतस्थळ केले होते. ती सांगायची, मी टंकायचो. पुढे आई गेली, स्थळही बंद पडले.

परवा लेकीने जुनी सीडी लावली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी! त्या काळचे बहुतेक मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत. फाँट हरवला की मजकूर मुका. युनिकोडने मात्र देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले.

कृत्रिम बुद्धिमत्तेला मी साध्या मराठीत अडचण सांगितली. तिने रूपांतराचा प्रोग्रॅम लिहून दिला. पहिल्या खेपेस ऱ्हस्व वेलांट्या भलतीकडेच गेल्या. कारण जुन्या फाँटात वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाई, युनिकोडमध्ये नंतर. सांगताच तेही सुधारले. पाने नव्याने उभी राहिली.

वाचू लागलो आणि अडखळलो. आईचे 'व्हतं' यंत्राने 'होतं' करून टाकले होते, न विचारता. बँकेत नोंद करणारा एक, तपासणारा दुसरा, हा दंडक. मग मूळ मजकूर शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. चार रात्री लागल्या. आता आई पुन्हा तिच्याच बोलीत बोलते.

तुमच्याही कपाटात अशी एखादी सीडी असेल. जरूर काढा, यंत्राची मदतही घ्या. तपासायला मात्र स्वतः बसा.