महाग पाना, स्वस्त पाना: फरक कुठे पडतो?

सायकल-दुरुस्ती शिकायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: महागाची हत्यारं खरंच चांगली असतात का? आमचं उत्तर असं, की किंमत बघण्याआधी हत्यार निसटलं तर नुकसान कशाचं होईल, ते बघावं.

हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमचे बोल्ट घेऊ. हल्लीच्या बऱ्याच सायकलींना तिथे 4 किंवा 5 मिलिमीटरची ॲलन की लागते. स्वस्त की मऊ पोलादाची किंवा मापाला जरा कमी असेल, तर ती बोल्टच्या षटकोनी खाचेत हलते. सगळा जोर कोपऱ्यांवर येतो, कोपरे झिजतात आणि खाच गोल होते. मग तो बोल्ट ना आवळता येतो, ना सोडवता. ड्रिल मारून काढायची वेळ येते. ढिला राहिला तर भर रस्त्यात हँडल एकीकडे नि चाक दुसरीकडे!

क्रँक-पुलरचंही तसंच. त्याचे आटे ओबडधोबड असले, तर ॲल्युमिनियमच्या क्रँकमधले आटेच खरवडून निघतात. पुलरवर वाचवलेले पैसे नव्या क्रँकमध्ये जातात.

आता उलट बाजू बघू. चेन झिजली का, हे बघायला खास गेज मिळतं. पण आपली साधी फूटपट्टीही चालते. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. ती पिन पहिली मोजली, तर पंचविसाव्या पिनचा मध्य बरोबर 12 इंचांवर यायला हवा. तो 1/16 इंच पुढे गेला असेल तर चेन बदला. 1/8 इंच गेला असेल, तर दातेरी चक्रंही बहुधा खराब झालेली असतात. टायर काढायलाही प्लॅस्टिकचे स्वस्त लिव्हर पुरतात. मोडले तर दुसरे घ्यायचे.

थोडक्यात, जिथे कमी जागेवर जास्त जोर येतो, तिथे पैसे घाला. 4, 5 आणि 6 च्या ॲलन की चांगल्या घ्या, बाकीचं हळूहळू जमवा. चांगली कीसुद्धा कधीतरी झिजतेच. टोकाचे कोपरे गोलसर दिसले, की तेवढं टोक ग्राइंडरवर घासून सपाट करा. मध्ये मध्ये पाण्यात बुडवा, नाहीतर तापून पोलाद मऊ पडतं. की पुन्हा कामाला तयार!